कप्तान सायलस सोल : ज्याने गोळी झाडली नाही

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॉलोरॅडो हे एक संस्थान असून डेन्व्हर नगर ही त्याची राजधानी होय. त्या नगरात रिव्हरसाइड नावाचे एक जुने कबरस्थान आहे. तेथे यादवी युद्धातील शिपायांच्या कबरांच्या ओळी असून प्रत्येकीच्या उशाशी सरकारने दिलेला एकेक लहानसा पांढरा दगड उभा आहे. त्यांतील एक दगड घोडदळाचा कप्तान सायलस सोल याच्या नावाचा आहे. दगड साधा, इतरांहून उंच नाही व नक्षीदारही नाही. तथापि नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस शायेन व अरापाहो या आदिवासी जातींचे लोक दूरच्या माळरानावरून प्रवास करीत डेन्व्हरला येतात, तेव्हा ते या दगडापाशी थांबून त्या कप्तानाचा मान करितात. याच नगरात पंधरावा रस्ता व अरापाहो रस्ता जेथे मिळतात, त्या कोपऱ्यावर २०१० साली एक धातूची पाटी बसविण्यात आली असून, तेथे या कप्तानाचा खून झाला व मारेकऱ्यांस शासन झालेच नाही, असे तीवर नमूद आहे.

ज्यांच्या पूर्वजांची एका सैन्याने कत्तल केली, त्यांचेच वंशज त्या सैन्यातल्या एका कप्तानाच्या कबरेला आदराने भेट देतात, हे ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. त्याचे कारण कळावे व त्यातून आपणा सर्वांस काही बोध घेता यावा, म्हणून त्या तरुणाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

सायलस सोल याचा जन्म २६ जुलै १८३८ रोजी मेन संस्थानातील बाथ या गावी झाला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या वर्णाच्या लाखो माणसांस गुलाम करून ठेविले होते. बाजारात गुरे विकावी तशी माणसे विकली जात. आईपासून लेकरू तोडले जाई. सोल याच्या बापास ही गोष्ट पाप वाटे. कॅन्सस नावाचा नवा मुलूख वसत होता आणि त्यात गुलामगिरी असावी की नसावी यावरून तेथे मोठा झगडा चालू होता. तो मुलूख स्वतंत्र माणसांचा व्हावा म्हणून हे कुटुंब घरदार सोडून तेथे जाऊन राहिले. पळून आलेल्या गुलामांस त्यांच्या घरी आसरा मिळे, भाकर मिळे, आणि रात्रीच्या अंधारात पुढील सुरक्षित ठिकाणी त्यांची पाठवणी होई. अशा घरात सायलस वाढला. याच मोठ्या चळवळीची कीर्ती पुढे आमच्या महाराष्ट्रातही पोहोचली, आणि १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपले गुलामगिरी नावाचे पुस्तक अमेरिकेत गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केले, हे पुष्कळांस ठाऊक असेलच.

सायलस हा गंभीर मुद्रेचा मनुष्य नव्हता. तो थट्टेखोर, नकला करण्यात तरबेज व मित्रांस हवाहवासा असे. पण त्या थट्टेच्या आड मोठे धैर्य होते. १८५९ साली डॉक्टर जॉन डॉय नावाचा गृहस्थ काळ्या लोकांस स्वातंत्र्याच्या मुलखाकडे नेत असता पकडला गेला व मिसूरीतील सेंट जोसेफ गावच्या तुरुंगात पडला. त्यास सोडविण्यासाठी दहा जण गेले, त्यांत वीस वर्षांचा सायलस होता. डॉक्टरच्या बायकोचा निरोप आणला आहे अशी बतावणी करून तो तुरुंगात शिरला व सुटकेचा बेत कैद्यास गुपचूप कळविला. त्याच रात्री ते डॉक्टरला घेऊन नदीपार झाले. पुढे गुलामगिरीचा कट्टर वैरी जॉन ब्राऊन यास फाशी झाल्यावर त्याचे दोन साथीदार व्हर्जिनियातील चार्ल्स टाऊनच्या तुरुंगात मरणाची वाट पाहत होते. सायलसने दारूड्याचे सोंग घेऊन स्वतःस त्याच तुरुंगात कोंडवून घेतले आणि त्यांची भेट साधली. परंतु त्या दोघांनी सुटकेस नकार दिला व १८६० च्या मार्च महिन्यात ते फासावर गेले.

त्याच वर्षी सोन्याच्या शोधात निघालेल्या हजारो लोकांबरोबर सायलस कॉलोरॅडोत आला. पुढील वर्षी उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध पेटले, तेव्हा तो कॉलोरॅडोच्या पहिल्या पलटणीत दाखल झाला. १८६२ च्या मार्चमध्ये न्यू मेक्सिकोतील ग्लोरिएटा खिंडीत दक्षिणेच्या सैन्याशी लढाई झाली, तीत ही पलटण होती. त्याच वर्षाच्या अखेरीस पलटणीचे घोडदळ करण्यात आले, व पुढे सायलस तीत कप्तानाच्या हुद्द्यास चढला.

या पलटणीचा पुढारी कर्नल जॉन चिव्हिंग्टन हा होता. त्याच्याविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते. परंतु खरे लपविणे योग्य नाही. चिव्हिंग्टन हा मेथडिस्ट मंडळीचा दीक्षित पाळक होता. त्याने गुलामगिरीविरुद्ध निर्भयपणे उपदेश केला होता. कॅन्ससमधील वायंडॉट नावाच्या आदिवासी लोकांत त्याने मिशनचे कामही केले होते. कॉलोरॅडोत तो मंडळीचा जिल्हा अधिकारी होता. युद्ध सुरू झाले तेव्हा पलटणीचा पाळक होण्याविषयी त्यास विचारले असता, आपणास प्रार्थना चालविण्याचे नव्हे, लढण्याचे काम हवे असे त्याने कळविले. ग्लोरिएटाच्या लढाईत डोंगर ओलांडून शत्रूच्या रसदीच्या गाड्या त्याने जाळल्या व तो लोकांच्या गळ्यातील ताईत झाला. कीर्ती वाढली तशी हावही वाढली.

कॉलोरॅडोचे ते माळरान पूर्वीपासून शायेन व अरापाहो लोकांचे होते. १८५१ साली सरकारने करार करून ते त्यांचे म्हणून मान्यही केले होते. सोने सापडल्यावर गोऱ्या लोकांचे लोंढे आले. १८६१ साली दुसरा करार पुढे करून त्यांची बहुतेक जमीन काढून घेण्यात आली. शिकार नाहीशी होऊ लागली, उपासमार वाढली. १८६४ च्या उन्हाळ्यात दोन्हीकडून हल्ले होऊ लागले, आणि डेन्व्हरजवळ एका गोऱ्या कुटुंबाचा, लेकरांसुद्धा, खून झाला. ती प्रेते नगरात आणून लोकांस दाखविण्यात आली. तेव्हा भीती व क्रोध यांनी नगर वेडे झाले. गुन्हा कोणाचा, याची चौकशी कोणास नको होती. त्या रंगाचा प्रत्येक मनुष्य गुन्हेगार ठरला. गव्हर्नर जॉन इव्हान्स याने शंभर दिवसांच्या बोलीवर एक नवी पलटण उभारली.

अशा वेळी फोर्ट लायन या किल्ल्याचा अधिकारी मेजर एडवर्ड वायनकूप याजकडे ब्लॅक केटल नावाच्या शायेन सरदाराचा निरोप आला की, आम्हांस समेट हवा असून आमच्याजवळचे गोरे कैदी आम्ही परत देऊ. वायनकूप सुमारे १३० स्वार घेऊन त्यांच्या छावणीकडे गेला. कप्तान सोल व लेफ्टनंट जोसेफ क्रेमर हे त्याच्यासोबत होते. समोर आदिवासी लढवय्यांची संख्या कित्येक पटींनी अधिक होती; मनात आणिले असते तर एकही स्वार जिवंत परतला नसता. परंतु ब्लॅक केटल याने शब्द पाळिला. एक तरुण मुलगी व तीन लेकरे सुखरूप परत मिळाली. मग वायनकूपने सरदारांस डेन्व्हरला नेले. २८ सप्टेंबर १८६४ रोजी कॅम्प वेल्ड येथे गव्हर्नर व कर्नल चिव्हिंग्टन यांच्याशी त्यांची सभा झाली. शस्त्र खाली ठेवून फोर्ट लायनच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन होण्याची वाट त्यांस तेथे दाखविण्यात आली, आणि आपणांस अभय मिळाले असे समजून ते परतले. किल्ल्यापासून सुमारे ४० मैलांवर सँड क्रीक, म्हणजे वाळूचा ओढा, नावाच्या ठिकाणी त्यांनी आपले तंबू ठोकले.

नोव्हेंबर महिन्यात वायनकूपची बदली झाली. २८ तारखेस चिव्हिंग्टन त्या शंभर दिवसांच्या पलटणीसह अकस्मात फोर्ट लायनला आला. पलटणीची मुदत संपत आली होती आणि तिच्या हातून अद्याप काही पराक्रम घडला नव्हता. सँड क्रीकच्या छावणीवर चाल करून जाण्याचा बेत कळताच कप्तान सोल किल्ल्यातील अधिकाऱ्यांकडे गेला व त्याने आपला निषेध कळविला. ज्यांस आपणच शब्द दिला त्यांस मारणे हा खून होय, आणि अशा कामात जो भाग घेईल तो नीच होय, अशा आशयाचे तो त्यांच्यासमोर बोलला. हे बोलणे चिव्हिंग्टनच्या कानी गेले व त्याने धमक्या दिल्या. क्रेमर यानेही विरोध केला. पण कोणी ऐकिले नाही. त्या रात्री सुमारे ६७५ स्वार व चार तोफा निघाल्या. सोल याची तुकडीही हुकुमाप्रमाणे सोबत गेली.

२९ नोव्हेंबरचा दिवस उजाडला तेव्हा छावणीत बहुतकरून बायका, मुले व म्हातारे होते. सैन्य दिसताच ब्लॅक केटल याने अमेरिकेचे निशाण व त्याखाली समेटाचे पांढरे निशाण काठीवर उभारून आपल्या लोकांस धीर दिला. व्हाइट अँटेलोप नावाचा वृद्ध सरदार हाताची घडी घालून उभा राहिला आणि तसाच मारला गेला. दिवस अर्धाअधिक जाईपर्यंत कत्तल चालली. ओढ्याच्या वाळूत खड्डे करून लपलेल्यांसही सोडले नाही. २३० हून अधिक माणसे मेली, व त्यांत बायका, लेकरे व म्हातारेच फार. मग प्रेतांची जी विटंबना झाली ती येथे लिहिण्याजोगी नाही.

त्या गर्दीत कप्तान सोल याने आपल्या तुकडीस गोळी झाडू नये असा हुकूम दिला. क्रेमर यानेही तसेच केले. आजूबाजूस शेकडो बंदुकी चालत होत्या, वरिष्ठ अधिकारी पाहत होता, सैन्याचा कायदा कठोर होता; तरी त्या दोन तुकड्यांच्या बंदुका थंड राहिल्या. शास्त्र वाचणाऱ्यांस येथे शौल राजाच्या पहारेकऱ्यांची आठवण होईल. नोब येथील याजकांस मारण्याचा हुकूम राजाने दिला असता त्या शिपायांनी हात उचलला नाही. ते काम दवेग अदोमी याने केले. त्या शिपायांची नावे शास्त्रात लिहिलेली नाहीत, पण त्यांनी जे केले ते लिहिलेले आहे.

आम्ही सोल यास निष्कलंक साधू ठरवीत नाही. तो धर्मोपदेशक नव्हता. तो त्या सैन्याबरोबर गेला होता, आणि त्याच्याने ती कत्तल थांबली नाही. परंतु जेवढे त्याच्या हाती होते तेवढे त्याने केले; आपले हात व आपल्या माणसांचे हात त्याने त्या रक्तापासून दूर ठेविले.

येथेच गोष्ट संपली असती तर ती कोणास कळलीही नसती. चिव्हिंग्टनने आपण मोठी लढाई जिंकून चारशे-पाचशे लोक मारिले असे लिहून पाठविले. डेन्व्हरच्या रस्त्यांत पलटणीचा जयजयकार झाला. तेथील वर्तमानपत्राने स्तुती केली. अशा वेळी गप्प बसणे किती सोपे होते! सोल गप्प बसला नाही. १४ डिसेंबर रोजी त्याने वायनकूप यास पत्र लिहून आपण डोळ्यांनी पाहिलेले सर्व कळविले. गुडघे टेकून जीवदान मागणाऱ्या लेकरांसही कसे मारिले तेही लिहिले. काही दिवसांनी क्रेमर यानेही लिहिले. या पत्रांमुळे व अशाच इतर वार्तांमुळे राजधानी वॉशिंग्टनपर्यंत खळबळ उडाली व चौकशा सुरू झाल्या.

१८६५ च्या फेब्रुवारीत डेन्व्हर येथे सैन्याचे चौकशी मंडळ बसले. सोल याने त्यापुढे कित्येक दिवस साक्ष दिली. स्वतः चिव्हिंग्टन समोर बसून साक्षीदारांस उलट प्रश्न विचारीत होता. नगरातील बहुतेक लोक त्याच्या बाजूचे होते. सोल याच्या जिवावर टपलेले लोक होते, व आपणास ठार मारतील असे त्याने मित्रांस सांगूनही ठेविले होते. तरी त्याने साक्ष फिरविली नाही.

१ एप्रिल १८६५ रोजी त्याचे हर्सा कोबर्ली हिच्याशी लग्न झाले. तेव्हा तो डेन्व्हर नगरात सैन्याच्या बंदोबस्ताचे काम पाहत असे. त्याच महिन्यात यादवी युद्ध संपत आले, आणि १५ एप्रिलला अध्यक्ष लिंकन मारेकऱ्याच्या गोळीने मरण पावले. पुढे आठच दिवसांनी, २३ एप्रिलला, रविवारी रात्री, रस्त्यात बंदुकीचे बार ऐकू आले. काय गडबड आहे ते पाहणे सोल याचे कामच होते. तो गेला, तेथे दबा धरून बसलेल्या चार्ल्स स्क्वायर नावाच्या शिपायाने त्यास गोळी घातली. तो जागीच मेला. वय अवघे २६ वर्षांचे. लग्नास जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याच्या प्रेतयात्रेस नगरातील लोक मोठ्या संख्येने आले.

स्क्वायर न्यू मेक्सिकोकडे पळाला. लेफ्टनंट कॅनन याने त्यास पकडून आणिले. परंतु थोड्याच दिवसांत कॅनन आपल्या खोलीत मेलेला आढळला, व स्क्वायर कैदेतून पळाला तो पुन्हा हाती लागला नाही. या खुनामागे कोण होते याचा निवाडा कोणत्याही न्यायासनाने केलेला नाही. म्हणून आम्हीही नववी आज्ञा ध्यानात ठेवून कोणावर दोष ठेवीत नाही. एवढे मात्र खरे की, सोल मेल्यावर त्याच्या शीलावर शिंतोडे उडविणारी लेखी जबानी चौकशीपुढे आणिली गेली. मेलेला मनुष्य उत्तर देऊ शकत नाही. परंतु त्याने दिलेली साक्ष कागदावर उतरली होती.

राष्ट्राच्या काँग्रेसच्या समितीने चिव्हिंग्टनच्या कृत्याचा कडक शब्दांत धिक्कार केला. गव्हर्नर इव्हान्स यास राजीनामा द्यावा लागला. चिव्हिंग्टनने सैन्याची नोकरी आधीच सोडली होती, त्यामुळे त्यास सैन्याच्या कोर्टापुढे आणिता आले नाही, व १८९४ साली तो डेन्व्हरमध्येच वारला. ब्लॅक केटल त्या कत्तलीतून वाचला, आणि तरीही समेटाच्या मागे राहिला. १८६८ साली वॉशिटा नदीकाठी दुसऱ्या एका फौजेच्या हल्ल्यात तो व त्याची बायको मारली गेली.

आता दगडांविषयी दोन शब्द. १९०९ साली डेन्व्हरच्या राजवाड्यासारख्या विधिमंडळ इमारतीपुढे यादवी युद्धाचे एक स्मारक उभारण्यात आले. त्यावर लढायांची यादी कोरिली, तीत सँड क्रीक हेही नाव घातले. कत्तलीस लढाई म्हटले गेले, आणि ते दगडावर कोरिले गेले म्हणून लोकांस खरे वाटू लागले. पुढे वर्षांमागून वर्षे गेली. २००० साली सोल व क्रेमर यांची ती पत्रे कॉलोरॅडोत पुन्हा उजेडात आली. त्याच वर्षी काँग्रेसने सँड क्रीकचे स्थळ राष्ट्राच्या वतीने राखण्याचा कायदा केला, व २००७ साली ते स्थळ रीतसर उघडण्यात आले. २००२ साली त्या जुन्या स्मारकाजवळ चूक दुरुस्त करणारी पाटी लाविली गेली. २०१० साली सोल याच्या खुनाच्या जागी पाटी बसली. २०१४ साली, कत्तलीस दीडशे वर्षे झाली तेव्हा, कॉलोरॅडोच्या गव्हर्नरने त्या लोकांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. दगडावर कोरिलेले खोटे एका मेलेल्या तरुणाच्या कागदावरील खऱ्यापुढे टिकले नाही.

मंडळीनेही आपले पाप झाकून ठेविले नाही, हे सांगावयास आम्हांस समाधान वाटते. १९९६ साली मेथडिस्ट मंडळीची सर्वसाधारण सभा डेन्व्हर येथे भरली असता, आपल्याच एका पाळकाच्या हातून घडलेल्या या पातकाबद्दल तिने खेद प्रकट करून क्षमा मागितली. आणि २०१२ सालच्या सभेत आदिवासी लोकांविषयी पश्चात्तापाची उपासना झाली.

प्रिय बंधुभगिनींनो, या चरित्रातून आपण काय शिकावे? प्रथम हे की, पदवी मनुष्यास पवित्र करीत नाही. ज्याच्या हाती शास्त्र होते, त्याने निरपराध्यांचे रक्त सांडिले. आणि ज्यास लोक थट्टेखोर म्हणत, त्याचा विवेक जागा राहिला. आम्ही जे उपदेश करितो, पाळक किंवा उपदेशक म्हणवितो, त्यांनी हे वाचून भयाने आपले अंतःकरण तपासावे. प्रभूने संदेष्ट्यांची थडगी सजविणाऱ्यांस जी कानउघाडणी केली ती विसरू नये. मेलेल्या नीतिमानाच्या कबरेवर फुले वाहणे सोपे आहे. जिवंत साक्षीदाराच्या बाजूस उभे राहणे कठीण आहे.

दुसरे हे की, एकाने गुन्हा केला म्हणून त्याची सारी जात वाईट असे म्हणणाऱ्या जमावात आपण मिसळू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी असला आळ सोसला आहे. गावात चोरी झाली की कोणाच्या झोपड्या प्रथम झडतात हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी तेच दुसऱ्यास करू नये.

तिसरे हे की, वाईट कामापासून हात आवरणे ही अर्धी आज्ञा झाली. पाहिलेले खरे सांगणे ही उरलेली अर्धी होय. गावात तंटा होतो, एखाद्या विधवेची जमीन बळकावली जाते, एखाद्या गरिबास मारहाण होते. पाहणारे दहा असतात. वजनदार लोक निरोप पाठवितात की तुम्ही काही पाहिले नाही. विहीर त्यांची, काम त्यांचे, उधारी त्यांची. तेव्हा प्रभूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मनुष्याची परीक्षा होते. सोल यास आपल्या साक्षीचे फळ डोळ्यांनी दिसले नाही. ते फळ येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. परंतु हाबेलाचे रक्त ज्याने ऐकिले, तो देव साक्षीदाराचा शब्दही विसरत नाही.

रिव्हरसाइडचा तो पांढरा दगड लहान आहे. त्यापाशी उभ्या राहणाऱ्या शायेन व अरापाहो माणसांपैकी पुष्कळांचे पणजोबा-पणजी त्या दिवशी जिवंत निसटले, म्हणून ही माणसे आज आहेत. जेथे बंदुका चालल्या नाहीत, तेथून काही जीव वाचले असतील, असे त्यांच्यापैकी कित्येक मानितात. असा मान मिळो अथवा न मिळो, आपल्या गावच्या चावडीवर व आपल्या मंडळीत खरे बोलण्याचे धैर्य प्रभू आपणा प्रत्येकास देवो. आमेन.